गावाने बांधलेलं हायस्कूल बंद करताना गावाला विचारलं कुणी?

फेब्रुवारीत बदलापूरहून चुलतभावाचा फोन आला. मुलगी बारावीला, इंजिनिअरिंगला ओबीसीतून अॅडमिशन घ्यायची म्हणजे जात पडताळणी आली, आणि पडताळणी आली की १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा आला. ज्यांनी हे प्रकरण एकदा केलंय त्यांना ही तारीख स्वतःच्या लग्नाच्या तारखेपेक्षा पक्की पाठ असते. प्राथमिक शाळेचं जुनं रजिस्टर वाळवीने कधीच खाल्लंय. राहिले आमचे थोरले अण्णा, हायस्कूलच्या पहिल्यावहिल्या बॅचचे, ज्यांच्या नावापुढे जनरल रजिस्टरमध्ये 'हिंदू ति. कुणबी', म्हणजे तिल्लोरी कुणबी, असं लिहिलेलं आहे हे घरात सगळ्यांना माहीत, कारण तो दाखला एकदा काढून आणला होता आणि २००५ च्या २६ जुलैच्या पुरात बाकीच्या कागदांबरोबर त्याचाही लगदा झाला. "अरे मग हायस्कूलातून नवीन काढ ना, दोन दिवसाचं काम आहे," मी बोललो. तर तो म्हणे, "कुठल्या हायस्कूलातून?"

खरं सांगतो, मला दोन सेकंद लक्षातच नव्हतं. आमचं हायस्कूल बंद झालंय.

गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. एक तर त्यात अजून जिवंत असलेल्या लोकांची भांडणं आहेत, आणि दुसरं म्हणजे रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कुणालाही हे वाचताना स्वतःचंच गाव आठवणार आहे, नाव वेगळं, गोष्ट तीच. वरच्या सड्यावर चिऱ्याची कौलारू इमारत, समोर लाल मातीचं मैदान, कडेला सुरूची चार झाडं, आणि गेटवर अर्धगोल कमानीत 'न्यू इंग्लिश स्कूल'. या नावाचं मला लहानपणी भारी कोडं होतं कारण आत इंग्लिश असं फारसं काही नव्हतं, इंग्लिशचा तासही सर मराठीतच घ्यायचे. नंतर कळलं की चिपळूणकर, टिळक, आगरकरांनी १ जानेवारी १८८० ला पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढलं, आणि पुढची शंभर वर्षं महाराष्ट्रातल्या ज्या ज्या गावात चार लोक एकत्र येऊन 'आपण आपली शाळा काढूया' म्हणाले त्यांना पाटीवर काय लिहायचं हा प्रश्नच पडला नाही. ते नाव म्हणजे एक जाहीरनामा होता, सरकारची वाट बघत नाही, आमची आम्ही काढतो.

आणि खरंच तशीच काढली. महाराष्ट्रात माध्यमिक शिक्षण हे मोठ्या प्रमाणावर सरकारने उभं केलेलंच नाहीये, हे आजच्या पिढीला सांगितलं तर पटत नाही. प्राथमिक शाळा लोकल बोर्डाच्या, मग जिल्हा परिषदेच्या. हायस्कूल मात्र खाजगी संस्थांची. घाटावर भाऊराव पाटलांनी १९१९ ला काले गावात रयत शिक्षण संस्था काढली, तिच्या शाळा पुढे शेकड्याने झाल्या. विदर्भात पंजाबराव देशमुखांची शिवाजी शिक्षण संस्था. कोकणात असं एकच मोठं झाड नाही, आमच्याकडे झुडपं. गाव तिथे मंडळ, मंडळ तिथे संस्था, आणि संस्थेची एकच शाळा. ही एकशाळी संस्था हीच कोकणची खासियत आणि पुढे तीच आमची गोची झाली, त्यावर येतोच.

आमच्या आधीच्या पिढीत सातवीची फायनल झाली की मुलगा थेट मुंबईला, गाववाल्यांच्या गाळ्यात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, परळ लालबाग डोंगरी भागात गावाच्या नावाने घेतलेल्या खोल्या असायच्या, एका खोलीत वीस-पंचवीस माणसं, पाळीप्रमाणे झोपणार, सामान भिंतीवरच्या फळीवर ट्रंकेत. मुलगी असेल तर चौथीतच घरी. हायस्कूल हवं असेल तर तालुक्याला किंवा मालवण-रत्नागिरीला कुणा नातेवाइकाकडे राहायचं, पाणी भरायचं, गुरं बघायची आणि उरलेल्या वेळात शिकायचं. मालवणचं टोपीवाला हायस्कूलही मुंबईत पैसा कमावलेल्या माणसाच्या, अनंत शिवाजी देसाई टोपीवाल्यांच्या नावाचं आहे, म्हणजे मुंबईच्या पैशावर कोकणात शाळा ही रीत जुनीच. फरक एवढाच की साठच्या दशकात शेठजीची जागा गिरणीतल्या बदली कामगाराने घेतली.

गाळ्यात महिन्याच्या एका रविवारी मंडळाची सभा. माणशी वर्गणी, न देणाऱ्याचं नाव वाचून दाखवणार. दामोदर हॉलला नमन, म्हणजे आमचं कोकणातलं लोकनाट्य, नाहीतर नाटक लावायचं, तिकिटं आपल्याच लोकांच्या गळ्यात मारायची, पावती पुस्तकं घेऊन चाळीचाळीत फिरायचं. माझ्या वडलांनी सांगितलेलं आठवतं की पगाराच्या दिवशी गिरणीच्या गेटवर मंडळाचा खजिनदार उभा राहायचा, कारण माणूस एकदा घरी पोचला की पैसे सुटत नाहीत. आणि इकडे गावात वाडीवाडीची पाळी लावून खाणीतून चिरे आणले. ट्रक वरपर्यंत जाणारा रस्ताच नव्हता, पाखाडीने डोक्यावरून चिरा, बायकांनी वाहिला. ओल्या जांभ्याचा एक चिरा उचलून बघा म्हणजे कळेल मी काय म्हणतोय ते.

आता इथे गावाचं कौतुक करताना एक गोष्ट दाबून ठेवणं मला जमणार नाही. ऑफिसच्या बाहेर संगमरवरी पाटी आहे, १०१ रुपये आणि त्यावरच्या देणगीदारांची नावं. पहिली नावं कुणाची ते गावोगावी ठरलेलं असतं. चिरे वाहणाऱ्या एकाही बाईचं नाव त्यावर नाही. बौद्धवाडीतल्या लोकांनी श्रमदान केलं, मुंबईतल्या त्यांच्या वेगळ्या मंडळाने वर्गणीही दिली, पण ती एकत्र दिल्यामुळे एका ओळीत 'बौद्ध मंडळी' एवढंच. संस्थेच्या कार्यकारिणीवर त्यांच्यातला पहिला माणूस यायला किती वर्षं लागली ते मी इथे लिहीत नाही, लाज वाटते. तेव्हा 'गावाची शाळा' हा शब्द मी वापरतोय तो हे सगळं माहीत असून वापरतोय. तरीही, त्याच बौद्धवाडीतली पहिली मॅट्रिक झालेली मुलगी याच शाळेतून झाली, आणि शाळा नसती तर झाली नसती. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

मग ग्रँट आली. अनुदान ही काही काँग्रेसच्या राज्याची देणगी नाही, १८५४ च्या वुडच्या खलित्यापासून ती कल्पना आहे, लोकांनी शाळा काढायची आणि सरकारने हातभार लावायचा. पण पगार पूर्णपणे सरकारी तिजोरीतून यायला लागले, १९७७ चा सेवाशर्तींचा कायदा आला, मास्तरांना पेन्शन मिळायला लागली, आणि हे चांगलंच झालं, कारण त्याच्या आधी संस्थाचालक सही एका रकमेवर घ्यायचे आणि हातात दुसरीच ठेवायचे हे जुने सर लोक आजही सांगतात. माझं म्हणणं वेगळं आहे. त्या दिवसापासून गावाच्या डोक्यातून शाळा हळूहळू उतरली. इमारत संस्थेची, पगार सरकारचा, आणि गाव? गाव पंधरा ऑगस्टला झेंड्याला यायचं, खाऊ घ्यायचं आणि जायचं. मुंबई मंडळ दर दोन वर्षांनी कौलं परतायला पैसे पाठवायचं, पुढे तेही जिकिरीचं झालं.

कारण मंडळाचाच कणा मोडला होता. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाख कामगार, आणि त्यातला मोठा भाग आमच्यासारख्या गावांतला. मनीऑर्डर थांबली. जे गावी परत आले त्यांच्या पोरांमुळे दोन-चार वर्षं शाळेचा पट उलट वाढला होता असं आमचे जुने क्लार्क सांगायचे, पण ती पोरं दहावी झाली आणि पुन्हा मुंबईला, यावेळी गिरणी नाही तर कुरिअर, सिक्युरिटी, रिक्षा. गाळ्यातली माणसं विरार नालासोपारा डोंबिवली बदलापूरला पांगली आणि बायकापोरं सोबत नेली. हे मात्र नवीन होतं. पूर्वी पुरुष जायचा आणि कुटुंब गावी राहायचं म्हणून शाळा भरलेली असायची, हे आपण विसरतो. २००१ ला रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती, २०११ ला १६,१५,०६९. सिंधुदुर्ग ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१. सगळा महाराष्ट्र फुगतोय आणि या दोन जिल्ह्यांतून दहा वर्षांत लाखभर माणूस वजा. आणि ही जनगणना जुनी, पुढचं चित्र तर गणपतीला गाव भरल्यावर आणि गौरी-गणपती विसर्जनानंतर आठ दिवसांनी गावातून चक्कर मारली की डोळ्यानेच दिसतं.

उरलेल्यांपैकी ज्यांना परवडतं त्यांची पोरं पिवळ्या बसने तालुक्याच्या इंग्लिश मीडियमला. २०१२ ला स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा आला आणि अशा शाळा काढणं सोपं झालं. आमच्या संस्थेच्या एका पदाधिकाऱ्याचा नातू त्याच बसने जायचा, आणि बस हायस्कूलच्या गेटसमोर वळायची. मी त्यांना नावं ठेवत नाही. माझी स्वतःची दोन्ही पोरं ठाण्यात इंग्लिश मीडियमलाच शिकली आणि मी माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर 'आपली शाळा आपला अभिमान' असे मेसेज फॉरवर्ड करत होतो. तर असो.

आता शाळा मरते कशी ते सांगतो, कारण बाहेरच्यांना वाटतं एक दिवस ऑर्डर येते आणि कुलूप लागतं. तसं नसतं, ती एकेक करून सगळं काढून घेतल्यावर मरते. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर पटपडताळणी झाली, ढिगाने बोगस विद्यार्थी सापडले, आमच्याकडे एकही नव्हता पण शिक्षा सगळ्यांना, २ मे २०१२ पासून शिक्षक भरती बंद. आमचे गणिताचे सर रिटायर झाले ती जागा भरलीच नाही. विज्ञानाच्या मॅडम गणित घ्यायला लागल्या, चित्रकलेचे सर इतिहास. नंतर ११ डिसेंबर २०२० चा जीआर, शिपायाचं पद नाही, त्याऐवजी भत्ता. आमच्याकडे घंटा म्हणजे रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा आंब्याला टांगलेला, तीस वर्षं एकाच माणसाने वाजवलेला, तो रिटायर झाल्यावर नववीची मुलं पाळी लावून घंटा द्यायला लागली आणि साहजिकच मधली सुट्टी जरा लवकर व्हायला लागली. मग संचमान्यता, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवणं, ऑनलाइन, आणि तीही आधार व्हॅलिड असलेल्या मुलांवर. नावात एक वेलांटी चुकली तर मूल वर्गात बसलेलं असतं, कॉम्प्युटरमध्ये नसतं. चार मुलं अशी गळाली तर एक मास्तर गळतो. आणि शेवटी १५ मार्च २०२४ चा संचमान्यतेचा जीआर, ज्याने वरच्या वर्गांना वीसच्या आत पट असेल तर नियमित शिक्षकाचं पद मंजूर होणंच अवघड करून टाकलं. शिक्षक अतिरिक्त ठरले, त्यांचं समायोजन दुसरीकडे. शाळा बंद करा असं कुणी म्हणत नाही, फक्त शिक्षक उचलतात, आणि बिनशिक्षकाच्या शाळेत आपलं पोर कोण ठेवणार, पुढच्या जूनला उरलेलेही दाखला घेऊन जातात. मग फाइलवर लिहायला मोकळे, की विद्यार्थ्यांअभावी शाळा बंद.

यातली चीड आणणारी गंमत म्हणजे निकाल. २०१२ पासून कोकणचं वेगळं विभागीय मंडळ आहे, विद्यार्थीसंख्येने सगळ्यात छोटं, आणि दहावीच्या निकालात दरवर्षी पहिलं. २०२४ ला राज्याचा निकाल ९५.८१ टक्के, कोकणचा ९९.०१. दरवर्षी पेपरात हेडिंग येतं 'कोकणाची बाजी'. त्या टक्क्यात अशा तुटपुंज्या शाळांतली पोरंही आहेत जिथे गणिताला गणिताचा शिक्षक नव्हता. बाजी मारल्याचं बक्षीस काय, तर पट मोजा.

आता दुसरी बाजू. मी सरकारी माणसाशी यावर वाद घातलाय आणि त्याचं म्हणणं अगदीच फालतू नाही. तो म्हणाला, सतरा मुलांसाठी सातव्या वेतन आयोगाचे चार पगार, तेवढ्यात त्या मुलांना चांगल्या शाळेत न्यायला गाडी लावता येईल. आणि मुलांचं काय? सतरा मुलांत कबड्डीच्या दोन टीम धड होत नाहीत, प्रयोगशाळेतल्या बाटल्यांवरची लेबलं उडालेली, वर्गात स्पर्धा नाही, मित्र नाही. २०२३ मध्ये वीसच्या आत पट असलेल्या शाळांचा सरकारी आकडा १४,७८३ होता, बहुतेक प्राथमिक. त्यावर समूह शाळा काढायच्या म्हणून पानशेत आणि तोरणमाळची उदाहरणं दिली गेली. एकत्र केल्यावर मुलांना काही मिळत असेल तर भावनेच्या भरात आडवं पडू नये हे मलाही मान्य आहे. आमच्या आजूबाजूला सहा-सात किलोमीटरच्या टापूत तीन हायस्कूलं होती, तिन्ही मरणपंथाला. त्यातली एक चालवून दोन बंद केली असती तर मी हा लेख लिहिला नसता. झालं असं की तिघांनाही वेगवेगळं उपाशी ठेवलं.

आणि इथे ती एकशाळी संस्था आड आली. रयतसारख्या संस्थेत एका शाळेत गणिताचा शिक्षक नाही तर दुसरीकडून बदली करता येते. आमच्या तीन संस्था, तीन अध्यक्ष, तिघांची तोंडं तीन दिशांना. विलीनीकरणाचा विषय एकदा निघाला होता, मुंबईत एका हॉलमध्ये बैठकसुद्धा झाली, आणि ती मोडली कशावरून तर नवीन नावात कुठल्या गावाचं नाव आधी यावं यावरून. शिवाय जवळपास प्रत्येक संस्थेत दोन गट, धर्मादाय आयुक्तांकडे बदल अर्ज वर्षानुवर्षं पडून, त्यामुळे कायदेशीर कार्यकारिणी कुठली हेच नक्की नाही. भरतीच्या काळात जागेला किती घेतले याच्या कहाण्या प्रत्येक तालुक्यात आहेत. तेव्हा फक्त सरकारला शिव्या घालणाऱ्या पोस्टी वाचल्या की मला हसू येतं. सरकारने ऑक्सिजन काढला हे खरं, पण पेशंटला खाटेवर आणलं आपण.

तरीही मुद्दा उरतोच, आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. पहिली ते आठवीसाठी निदान कायदा आहे. शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयासाठी, त्यामुळे प्राथमिक शाळा बंद करायला गेलं की कुणीतरी कोर्टात जातं, अंतराचा नियम दाखवतं. नववी-दहावीला असं काही नाही. मुलगी चौदा वर्षांची झाली की तिचा हक्क संपला. आणि नेमकी तिथेच ती घरी बसते. आमचं हायस्कूल बंद झालं तेव्हा कागदावर जवळची शाळा साडेचार किलोमीटरवर होती, म्हणजे माध्यमिकसाठी जे पाच किलोमीटरचं माप धरतात त्याच्या आत. हे साडेचार किलोमीटर कावळ्याचे. मध्ये पऱ्या म्हणजे ओढा आहे, त्यावर साकव आहे, आणि जुलैत साकवावरून पाणी जातं. गाडीरस्त्याने अकरा. मुलींना एसटीचा पास फुकट आहे, अहिल्याबाई होळकर योजनेत, खूप चांगली योजना आहे, पण पास दाखवायला बस लागते. सकाळची गाडी लॉकडाऊनमध्ये बंद झाली, मग २०२१-२२ चा एसटीचा संप, आणि त्यानंतर ती फेरी परत सुरूच झाली नाही. आठवीतून नववीत गेलेल्या मुलींपैकी एक मामाकडे चिपळूणला गेली, दोघी मिळून रिक्षा लावून जातात, महिन्याचे पैसे त्यांच्या आया काजूच्या फॅक्टरीत सोलाईवर जाऊन भरतात. आणि एक घरी आहे. एकच आहे, मान्य. पण ज्या गावाने १९६५ च्या आसपास चिरे डोक्यावर वाहिले ते अशी एकही मुलगी घरी राहू नये म्हणूनच ना?

मला कुणी विचारलं की मग करायचं काय, तर मी म्हणेन की अशी शाळा बंद करण्याआधी गावासमोर उघड सुनावणी घ्या, ग्रामसभेत, आणि मुंबईकर गावात असतात त्या दिवसांत, म्हणजे शिमग्याला नाहीतर गणपतीला, भर जूनमध्ये बारा माणसांच्या सभेत नाही. अधिकाऱ्याने पर्यायी शाळेपर्यंत जुलै महिन्यात स्वतः जाऊन यावं, दप्तर घेऊन आणि चालत. गाडी सुरू झाल्यावर शाळा बंद करावी, गाडीचं आश्वासन मिळाल्यावर नाही. आसपासच्या संस्थांनी शिक्षक वाटून घ्यायला तयारी दाखवली तर तीन शाळांचा पट एकत्र धरून पदं द्यावीत, सोमवार-मंगळवार इथे आणि बुधवार-गुरुवार तिथे असा गणिताचा शिक्षक फिरवायला काय हरकत आहे, पूर्वी पोस्टमन फिरायचाच की. आणि ज्या संस्थांची तोंडं तीन दिशांना आहेत त्यांना सरळ सांगावं की सहा महिन्यांत एकत्र या नाहीतर मान्यता गेली. हे सरकारने केलं तर मी त्या साहेबाचा सत्कार करीन. सरकारला लोकांनी उभ्या केलेल्या इमारती, जमिनी, पन्नास वर्षांचा घाम हे सगळं फुकटात मिळालं होतं, त्याने फक्त पगार दिले. पगार देणं बंद करायचा अधिकार सरकारला आहे. पण गावाचं जे आहे त्याचं काय करायचं हे गावाला न विचारता ठरतं, आणि ज्याची जबाबदारी घ्यायला हवी त्याला मात्र कुणी वाली नसतो.

उदाहरणार्थ ते रजिस्टर. जनरल रजिस्टर म्हणजे जाड पुठ्ठ्याची, कापडी पाठीची, हातभर लांब वही, ज्यात प्रत्येक मुलाचं नाव, आईचं नाव नंतरच्या काळात, जात, जन्मगाव, जन्मतारीख अंकात आणि अक्षरात. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली तेव्हा सगळा महाराष्ट्र एकदम अशा वह्यांची पानं उलटायला लागला होता, मोडी वाचणारे लोक शोधले जात होते. म्हणजे गरज पडली की शाळेचं दप्तर हा राज्याचा ठेवा, आणि शाळा बंद होते तेव्हा तोच ठेवा दोन गोणपाटांत भरून छोट्या टेम्पोने जातो. आमचं तसंच गेलं. कुठे गेलं तर पहिल्यांदा शेजारच्या गावच्या शाळेकडे वर्ग केलं म्हणाले, भाऊ तिथे गेला तर ते म्हणाले आमच्याकडे २००० नंतरचं आलंय, जुनं तालुक्याला असेल. तालुक्याच्या ऑफिसात खाली एक खोली आहे, तिथे ढीग आहे, त्यात असेल, पण असा कुणालाही हात लावू देता येत नाही. अर्ज करा. अर्ज केला. त्यावर उत्तर आलं, ते मी जसंच्या तसं भावाकडून फोनवर ऐकलं, की दाखल्याची दुय्यम प्रत हवी असेल तर संबंधित शाळेच्या मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याने मागणीपत्र सादर करावं.

गेल्या महिन्यात डोंबिवलीला मंडळाची सभा झाली. आम्ही पस्तीस-चाळीस जण, निम्मे साठीच्या पुढचे. विषयपत्रिकेवर तिसरा विषय होता 'हायस्कूल इमारतीचा विनियोग'. एकाने होमस्टे सुचवला, लोकेशन भारी आहे, सड्यावरून खाडी दिसते, रिव्ह्यू चांगले येतील. दुसऱ्याने वृद्धाश्रम. तिसरा म्हणाला आधी इमारत नक्की कोणत्या कार्यकारिणीच्या नावावर आहे ते बघा. अर्धा तास त्यावरच गेला. मी रजिस्टरचा विषय काढला तर अध्यक्ष म्हणाले हा आयत्या वेळचा विषय, शेवटी घेऊ. शेवटी चहा आला. शेजारी बसलेले अण्णा, वय ७४, इतका वेळ गप्प होते, त्यांनी बशी खाली ठेवली आणि विचारलं, "माझा रजिस्टर नंबर सात होता. तो सांगून उपयोग होईल का?"